आरोसकरांचा उजवा हात

१

चंदर वैतीनं ते प्रेत जाळ्यातून सोडवून पुन्हा खाडीत ढकललं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. होडीवरचा त्याचा जोडीदार जीव तोडून तेच सांगत होता. पण चंदरला ते पटेना. मेलेल्या माणसाला काठाला लावायचं असतं, एवढंच तो म्हणाला. सव्वीस जानेवारीच्या दुपारी, ओहोटीच्या पाण्यात, त्यानं आपली डोल ओढून घेतली आणि होडी मार्व्याच्या किनाऱ्याला आणली. डोल म्हणजे खाडीत खुंटांना बांधून ठेवलेलं पिशवीसारखं लांब जाळं. पाण्याबरोबर वाहत येईल ते त्यात अडकतं. एरवी मांदेली यायची, जवळा यायचा. त्या दिवशी पांढरा सदरा घातलेला एक माणूस आला.

किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला लगेच ओळखलं. दत्ताराम आरोसकर. मालाडचे आमदार भाई आरोसकर यांचा चुलतभाऊ, त्यांचा चिटणीस, त्यांचा उजवा हात. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम होती. डॉक्टरांचं म्हणणं असं, की आदल्या संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमाराला तो मेला आणि मेल्यावर पाण्यात गेला.

इन्स्पेक्टर लवू हडकर झेंडावंदनाच्या बंदोबस्तावरून थेट तिथं पोचला, तर कोळीवाड्यातला निम्मा गाव खाली मान घालून उभा. कारण सगळ्यांना माहीत होतं. कोळणी जिथं मासळी सुकवत, त्या वाळवणीच्या जागेवर याच महिन्यात दत्ताराम मोजणीवाले घेऊन आला होता, आणि चंदरनं भर गावात त्याची गचांडी धरली होती. "परत हितं पाय ठेवलास तर खाडीत बुडवीन," असं तो ओरडला होता. आता तोच माणूस त्याच्याच जाळ्यात निघाला. हडकरनं चंदरला जीपमध्ये घातलं. दुसरं तो तरी काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी एसीपींचा फोन आला.

"सरळ केस आहे, हडकर. उद्या त्याला कोर्टात उभा करा. त्याआधी त्याच्याकडून कबूल करून घ्या. भाईंचे सारखे फोन येतायत. पेपरवाले उद्या विचारतील."

कबूल करून घेण्याचं काम हवालदारांनी रात्रीच सुरू केलं होतं. चंदरचा ओठ फुटला होता आणि उजवा हात तो डाव्या हातानं धरून बसला होता. ठाण्याच्या फाटकापाशी त्याची बायको कमळ उभी होती. ती रडत नव्हती. हडकर बाहेर आला तशी ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, एक सांगा. ज्यानं मारला त्यो मढं काठावर आनल काय?"

हडकर तिला टाळून पुढं गेला. जीपमध्ये बसेपर्यंत तो प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला होता. हातात फक्त आजचा दिवस होता. उद्या एकदा का चंदर खुनी म्हणून कागदावर चढला, की त्याला खाली उतरवायला कोणी येणार नव्हतं.

२

भाई आरोसकरांचं राजकारण म्हणजे एक लफडं संपायच्या आत दुसरं. पहिल्यांदा निवडून आले आणि सिमेंटच्या परमिटांचं प्रकरण बाहेर आलं. भाई नामानिराळे राहिले, साडू आत गेला. मग दूधकेंद्रांचं झालं. त्यात एका बिचाऱ्या कार्यकर्त्याची नोकरी गेली आणि भाईंना समितीचं अध्यक्षपद मिळालं. शाळेच्या इमारतीचं प्रकरण तर पार विधानसभेत गाजलं. भाई भर सभागृहात रडले, आणि सह्या केल्या म्हणून दत्ताराम तुरुंगात जाऊन आला. तो आत असतानाच त्याची बायको वारली. तरी बाहेर आल्यावर तो गुपचूप पुन्हा भाईंच्या टेबलाशेजारी येऊन बसला. दरवेळी लोक म्हणायचे, आता भाई संपले. आणि दरवेळी, अगदी पंच्याऐंशीच्या निवडणुकीतही, त्यांच्यावर गुलाल पडायचा.

आता चारकोपच्या नव्या वसाहतीतल्या प्लॉटांची चौकशी लागली होती. निवृत्त न्यायमूर्तींसमोर येत्या गुरुवारी दत्तारामची साक्ष होती. या खेपेला तो गप्प बसणार नाही, अशी मालाडभर कुजबुज होती.

भाईंच्या दिवाणखान्यात माणसांची रीघ लागली होती. हडकर दिसताच त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"ये रे हडकर. तू मालवणचो मां? मगे आपलोच माणूस." भाईंनी डोळे पुसले. "माझो उजवो हात गेलो रे. त्या कोळ्याक फाशी होवक व्हयी."

"दत्ताराम तुम्हाला शेवटचा कधी भेटला, भाई?"

"पंचवीस तारखेक, दुपारी. मगे मी घरातच होतंय. पाठ अशी धरलली, उठाक येय नाय. इचार हिका."

दारात त्यांची बायको सुगंधा उभी होती. पन्नाशीची, शांत चेहऱ्याची बाई. "हो," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "झोपूनच होते."

"दुसऱ्या दिवशी पूजेकय बसाक गावला नाय," भाई म्हणाले. "रामनाथाक बसवलंय. आता तुका आणखी काय होया?"

हडकरला आणखी काही नको होतं. उठता उठता त्याची नजर भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. दर सव्वीस जानेवारीला भाईंच्या कार्यालयात सार्वजनिक सत्यनारायण व्हायचा. प्रत्येक वर्षाच्या फोटोत सोवळं नेसलेले भाई आणि नऊवारीतली सुगंधा चौरंगापुढं बसलेली होती. ज्या वर्षी वॉरंट निघालं होतं त्या वर्षीसुद्धा.

ठाण्यात परतला तर त्याच्या टेबलापाशी मार्व्याचा पानवाला वाट बघत होता. माणूस घाबरलेला होता.

"साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पंचवीस तारखेला दिवेलागणीला भाईंची जीप खाडीकडं उभी होती. आत कोण होतं ते नाही बघितलं."

३

भाई अंथरुणाला खिळलेले, मग जीप नेली कोणी? ती वापरणारी माणसं दोन. एक रामनाथ केणी, वॉर्डाचा प्रमुख. नगरसेवकपदाचं त्याचं तिकीट दत्तारामनं कापलं होतं, आणि तो ते चारचौघांत बोलून दाखवायचा. दुसरा नंदू, भाईंच्या बहिणीचा मुलगा, त्यांच्याच घरात वाढलेला आणि त्यांचा ड्रायव्हर.

रामनाथ कार्यालयासमोर मांडव सोडवून घेत होता. पंचवीस तारखेचं विचारताच तो हसला.

"मी इथंच होतो की, साहेब. मांडव घालत होतो. सगळी आळी बघत होती. त्या दत्तारामशी माझं जमत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण मारायला मी काय वेडा आहे? आता माझे दिवस आलेत. काल पूजेला मी बसलो, मी आणि जया. भाई सकाळी सकाळी स्वतः घरी आले. म्हणाले, रामनाथ, यंदा तुम्ही जोडीनं बसायचं."

"पाठ धरली होती ना त्यांची."

"पाठ?" रामनाथ बुचकळ्यात पडला. "झेंडावंदनाला जीपच्या बॉनेटवर चढून भाषण केलं त्यांनी. अर्धा तास. मला म्हणाले, साध्या कार्यकर्त्याला मान मिळाला पाहिजे. मी म्हटलं, भाई, हेमंत आहे की, तुमचा मुलगा, त्याचं लग्न झालंय, त्याला बसवा. तर म्हणाले, नको, तूच."

"हेमंत होता तिथं?"

"होता ना. लाउडस्पीकर लावत होता. भाईंचा धाकटा भाऊ पण होता." रामनाथनं आवाज खाली आणला. "म्हणून म्हणतो साहेब, माझे दिवस आलेत. घरच्यांना सोडून मला बसवलं. पण एक राहिलं. वहिनींचा शिरा. दरवर्षी प्रसादाचा शिरा त्या करतात, बोटं चाटावी असा. यंदा भटजींच्या घरून आला. आणि भाई मांडवाच्या बाहेरच उभे राहिले. मी तीर्थ घेऊन गेलो तर म्हणाले, ठेव, मग घेतो."

"घेतलं?"

"नाही वाटतं. गर्दी होती ना."

हडकर जीपपर्यंत गेला आणि तिथंच थबकला. पाठीचं दुखणं खोटं होतं, हे उघड झालं. पण एखाद्याला खोटं बोलून पूजा टाळायची असेल, तर तो मुलाला बसवील, भावाला बसवील. बायकोच्या हातचा शिरा का बंद करील? काहीतरी होतं, अगदी ओळखीचं, आणि ते त्याला धरता येत नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला.

४

नंदू जीप धुवत होता. पंचविशीचा, सडपातळ. हडकरनं खाडीचं नाव काढताच त्याच्या हातातली बादली खाली आली.

"मी नव्हतो, साहेब."

"मग जीप कोणी नेली?"

नंदू बादली उचलायला वाकला.

"हे बघ, जीप मार्व्याला होती, याला साक्षीदार आहे. भाई तर झोपलेले. किल्ली तुझ्याकडं. मी काय समजायचं?"

"मी त्या संध्याकाळी गाडीला हात लावला नाही. मामींबरोबर तोरणं ओवत बसलो होतो, पूजेची." त्याचे डोळे भरून आले. "मी दत्तामामांना का मारीन? लहानपणी शाळेत तेच सोडायचे मला. तुम्ही भाईमामांना विचारा. त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे. काल सकाळी घरातल्या देवांची पूजासुद्धा मला करायला सांगितली. हेमंत घरात असून."

"काय म्हणालास?"

"देवांची पूजा. रोज मामा करतात, ते नसले तर हेमंत. काल पहाटे मला उठवून म्हणाले, आंघोळ कर आणि देवांना फूल तू घाल. मामीलासुद्धा देवघरात जाऊ दिलं नाही त्यांनी."

आता मात्र हडकरला कळलं. आजोबा गेले तेव्हा तो गावी होता. घरातले देव तसेच बसून होते, कारण वडील, काका, तो स्वतः, आई, काकू, कोणीच देव्हाऱ्याला शिवायचं नव्हतं. आजीनं पलीकडच्या वाडीतून आत्याच्या मुलाला बोलावणं धाडलं होतं. दहा दिवस तो येऊन पूजा करून जायचा. आत्याचा मुलगा, म्हणजे दुसऱ्या घराण्याचा. त्याला सुतक नव्हतं.

नंदूलाही नव्हतं. रामनाथ केणीला नव्हतं, भटजींच्या बायकोला नव्हतं. आणि काल सकाळी ज्यांना ज्यांना देवापासून लांब ठेवलं गेलं, ते भाई, हेमंत, धाकटा भाऊ, सुगंधा, सगळे आरोसकर होते.

प्रेत मात्र दुपारी सापडलं होतं.

"जीपमध्ये बस," हडकर नंदूला म्हणाला. "तुझ्या मामाकडं जायचंय."

५

भाई जेवून उठले होते. नंदूला हडकरबरोबर बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. सुगंधा आतल्या दाराच्या पडद्यामागं होती. तिच्या बांगड्या वाजल्या, तेवढंच.

"भाई, सुतक कधीपासून लागतं?" हडकरनं उभ्याउभ्याच विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

"आपण एकाच मुलखातले, तुम्हाला ठाऊक आहे. माणूस मेला त्या क्षणापासून कोणी पाळत नाही. मेल्याचं कळलं की पाळतात. गावाहून तार आठ दिवसांनी आली तर तोवर माणूस देवपूजा करतो, आणि त्याचा दोष नसतो. बरोबर?"

भाई सावकाश खुर्चीत बसले.

"काल दुपारी चंदरच्या जाळ्यात दत्ताराम सापडला, तोपर्यंत तो मेलाय हे मालाडात कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही मात्र पहाटेपासून त्याचं सुतक पाळत होतात. पूजेला बसला नाहीत. मुलाला बसू दिलं नाहीत, भावाला नाही. वहिनींना शिरा करू दिला नाहीत. तीर्थ घेतलं नाहीत. घरातल्या देवांना फूल घालायला भाच्याला उठवलंत. पाठ तुमची धरली होती, भाई. सगळ्या आरोसकरांची नव्हे."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी जीपचा हॉर्न वाजवला. भाईंनी तोंडावरून हात फिरवला. सिमेंट त्यांना पचलं होतं, दूध पचलं होतं, शाळा पचली होती. पण सुतकातल्या हातानं ते चौरंगाला शिवू शकले नव्हते. हडकरला क्षणभर त्यांची कीव आली, आणि लगेच चंदरचा फुटलेला ओठ आठवला.

"हे कोर्टात टिकत नाही, इन्स्पेक्टर," भाई म्हणाले. मालवणी आता संपली होती. "न्यायाधीश हसतील तुम्हाला."

"हसतील. म्हणूनच मी एवढंच विचारतो. दत्ताराम मेल्याचं तुम्हाला काल पहाटे कोणी सांगितलं? त्याचं नाव द्या, मी निघतो."

हा प्रश्न भाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. आयुष्यभर चौकशी समित्या त्यांना हेच विचारत आल्या होत्या, कोणाचं तरी नाव द्या. आणि आयुष्यभर त्यांनी जे केलं, तेच त्यांनी आताही केलं. फारसा विचारसुद्धा केला नाही.

"नंदूनं," ते म्हणाले. "तोच जीप घेऊन गेला होता. दत्तारामशी त्याची बाचाबाची झाली. रात्री येऊन माझ्या पायावर पडला. बहिणीचा मुलगा, काय करणार? पोटात घातलं. माझी चूक एवढीच."

नंदू त्यांच्याकडे नुसता बघत राहिला.

पडदा सरकला. सुगंधा बाहेर आली आणि नंदूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"नंदू त्या संध्याकाळी माझ्याबरोबर होता," ती म्हणाली. "या खोलीत, फुलं घेऊन. जीप तुम्ही नेलीत."

"तू आत जा."

"आल्याआल्या डोक्यावरून आंघोळ केलीत. थंडीत, गार पाण्यानं. कपडे बंबात घालायला सांगितलेत. मी घातले नाहीत. ट्रंकेत आहेत, इन्स्पेक्टरसाहेब. सदऱ्याच्या बाहीवर रक्त आहे." तिनं नंदूच्या खांद्यावर हात ठेवला. "साडू आत गेला तेव्हा मी माझ्या बहिणीला तोंड दाखवू शकले नाही. दत्ताभावोजींना आत पाठवलंत, त्यांची बायको माझ्या मांडीवर गेली. तेव्हाही मी गप्प बसले. काल त्या कोळ्याला धरला, तरी गप्प बसले, देव मला क्षमा करो. पण ह्याला मी दूध पाजून वाढवलाय. ह्याला नाही देणार."

"सुगंधा, मी मुद्दाम नाही केलं," भाई म्हणाले. आता ते आमदार वाटत नव्हते. "मी फक्त समजावायला गेलो होतो. गुरुवारी जाऊ नको म्हटलं. तो ऐकेना. म्हणाला, माझ्या बायकोचं मरण तुम्हाला फुकट पडू देणार नाही. मी ढकललं. मागं धक्क्याचा दगड होता."

"आणि मग?" हडकरनं विचारलं.

"मग काही नाही. भरती होती."

सुगंधानं नंदूचा हात धरला आणि ती त्याला आत घेऊन गेली.

६

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर भाईंचा फोटो होता, हात जोडलेला. त्यांच्या वकिलानं निवेदन दिलं होतं, की हे विरोधकांचं कारस्थान आहे. कार्यालयासमोर रामनाथ केणी पत्रकारांना सांगत होता, की भाईंचं वागणं त्याला आधीपासूनच पटत नव्हतं.

चंदरला सोडायचे कागद दुपारी तयार झाले. हडकर स्वतः कोठडीपाशी गेला आणि दार उघडून बाजूला उभा राहिला. चंदर सावकाश बाहेर आला. उजवा हात अजून वर होत नव्हता. या हातानं पुढचे काही आठवडे तरी जाळं ओढता येणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. "डॉक्टरला दाखवतो मी," असं हडकर म्हणाला. चंदरनं मान हलवली.

कमळ फाटकाशी उभी होती. तिनं आपल्या नवऱ्याचं तोंड नीट निरखलं, पदरानं ओठाजवळचं वाळलेलं रक्त पुसलं, आणि मग हडकरकडे बघितलं.

"कसा सापडला त्यो?" चंदरनं विचारलं.

हडकरनं थोडक्यात सांगितलं. पूजा, शिरा, तीर्थ, भाचा. सांगताना त्याला थोडा अभिमान वाटत होता. खोटं का बोलावं, कालपासून वाटतच होता. एसीपींनी पाठ थोपटली होती, पेपरात नाव आलं होतं.

चंदरनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, आणि त्याच्या विचारण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"आन त्यो पूजेला बसला असता तर, साहेब?"

उत्तर हडकरला ठाऊक होतं. आज सकाळी त्यानंच याला कोर्टात उभं केलं असतं.

मग कमळनं त्याचा बरा हात धरला, आणि दोघं मार्व्याच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.